मऊ की कडक? हलक्या रेसकारच्या स्प्रिंगची गोष्ट

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. ऐकताना आकडे निसटले असतील, तर इथे सावकाश वाचा.)



आज सुरुवात एसटीपासून. दुपारची वेळ, गाडीत मोजून सात माणसं, आणि तुम्ही हौसेनं शेवटच्या बाकावर बसलाय. एक खड्डा येतो आणि तुम्ही बाकावरून वीतभर वर! आता तीच गाडी, तोच रस्ता, पण लग्नसराईतला रविवार. माणसं पार दारापर्यंत उभी. त्याच खड्ड्यातून गाडी आता कशी जाते? डुलत, सावकाश. ड्रायव्हर तोच, पाटे तेच, शॉकअब तेच. मग बदललं काय? फक्त वजन.

हे चित्र डोक्यात राहू द्या. आजची सगळी गोष्ट त्यातूनच निघणार आहे.

दुसरं चित्र माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं. एका मित्राने जुनी हॅचबॅक घेतली आणि स्प्रिंगचे दीड-दोन वेढे कापून घेतले. गाडी खाली बसली, फोटो झकास आले. 'आता ही रेसिंगची गाडी झाली,' असं तो सगळ्यांना सांगायचा. पहिल्याच पावसात आम्ही घाटात गेलो. एका ओल्या वळणावर रस्ता जरासा उखडलेला होता. मागचं चाक टणाटण उड्या मारायला लागलं आणि गाडीचा मागचा भाग बाहेर सरकला. कठडा होता म्हणून आज हा एपिसोड आहे.

मित्राचा हिशोब सोपा होता: रेसकार कडक असते, म्हणून कडक गाडी म्हणजे रेसकार. मलाही तेव्हा ते पटलं होतं. पण रेसकारचा इतिहास बघितला तर उलटंच दिसतं. जगातल्या सगळ्यात हलक्या, सगळ्यात चपळ रेसकार ज्याने बनवल्या, तो माणूस आयुष्यभर मऊ स्प्रिंगसाठी भांडला. त्यासाठी त्याने दोनदा नियमांशी टक्कर घेतली आणि दोन्ही वेळा हरला. त्याचं नाव कॉलिन चॅपमन, आणि त्याच्या कंपनीचं नाव लोटस.

आधी थोडं गणित, घाबरू नका

सतराव्या शतकात लंडनमध्ये रॉबर्ट हुक नावाचा शास्त्रज्ञ होता. स्प्रिंगचा नियम त्याला सापडला, पण दुसऱ्या कुणी चोरू नये म्हणून त्याने १६७६ मध्ये तो अक्षरं उलटीसुलटी करून कोड्यासारखा छापला आणि दोन वर्षांनी, १६७८ मध्ये उलगडून सांगितला. नियम साधा: स्प्रिंग जितकी दाबाल, तितक्या प्रमाणात जोर लागतो. एक सेंटीमीटर दाबायला १५ किलो लागत असतील, तर दोन सेंटीमीटरला ३०. या '१५ किलो प्रति सेंटीमीटर'ला म्हणायचं स्प्रिंग रेट. रेट जास्त म्हणजे स्प्रिंग कडक.

पण नुसत्या रेटवरून काहीच कळत नाही. १५ किलोवाली स्प्रिंग ट्रकला चिंधी आहे आणि सायकलला लोखंडाची कांब. महत्त्वाचं काय, तर तिच्यावर बसलेल्या वजनाने ती किती दबते. त्यावरून गाडी खड्ड्यानंतर किती वेगाने वरखाली हेलकावे घेणार, ते ठरतं. यासाठी एक हाताशी ठेवण्यासारखं सूत्र आहे. गाडीच्या वजनाने स्प्रिंग जितके सेंटीमीटर दबते, त्याचं वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. उत्तर येतं दर सेकंदाचे हेलकावे.

स्प्रिंग २५ सेंटीमीटर दबली तर वर्गमूळ ५, म्हणजे सेकंदाला एक हेलकावा. हा जुन्या, मोठ्या, ऐषारामी गाड्यांचा झोका. ११ सेंटीमीटर दबली तर साधारण दीड. ६ सेंटीमीटरला दोन. आणि एकच सेंटीमीटर दबली तर सेकंदाला पाच. तिथे झोका संपतो आणि थरथर सुरू होते.

आता एसटी आठवा. पाटे भरलेल्या गाडीच्या हिशोबाने बसवलेले असतात. गाडी रिकामी असली की पाटे कमी दबतात, हेलकावे जलद होतात, आणि आपण बाकावरून उडतो.

हलक्या रेसकारची पहिली अडचण इथेच आहे. दीड टनाच्या गाडीत ४० किलो पेट्रोल भरलं काय आणि संपलं काय, फरक तीन टक्क्यांच्याही आत. पण गाडीच साडेचारशे किलोची असेल, तिच्यात ७० किलोचा ड्रायव्हर आणि समजा १०० किलो पेट्रोल असेल, तर सुरुवातीला वजन ६२० आणि शेवटी ५२०. तब्बल १६ टक्के फरक. म्हणजे शर्यत सुरू होताना एक गाडी असते आणि संपताना दुसरीच. स्प्रिंग मात्र तीच! गाडी जितकी हलकी, तितकं तिच्यावर बसणारं ओझं तिला जाणवतं.

सांगाडा लवचीक, स्प्रिंग कडक: जुना उलटा कारभार

पहिल्या महायुद्धानंतरच्या रेसकार बघितल्या तर माझ्या मित्राला आनंद झाला असता. स्प्रिंग कडक, इतक्या कडक की चाक जेमतेम हलायचं. पण गाडीचा सांगाडा, म्हणजे चासी, मात्र शिडीसारखी लवचीक. वळणावर स्प्रिंगऐवजी चासीच पिळवटायची. खरं तर चासीच स्प्रिंगचं काम करत होती, आणि कुणी न ठरवलेली स्प्रिंग कशी वागेल याचा नेम नसतो.

१९३० च्या आसपास मॉरिस ऑली नावाचा इंग्रज इंजिनिअर रोल्स-रॉइस सोडून अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये आला. त्याने मोठ्या लिमोझिनवर वजनं अशी बसवली, की ती हवी तशी पुढे-मागे सरकवता येतील. मग स्प्रिंग बदलत आणि माणसं बसवत त्याने प्रयोग केले. त्यातून कळलं की पुढच्या स्प्रिंगचे हेलकावे मागच्यापेक्षा थोडे संथ हवेत. कारण खड्ड्यात पुढचं चाक आधी जातं आणि मागचं नंतर. मागची बाजू जरा जलद हलली, तर ती पुढचीला गाठते आणि गाडी डोकं-शेपूट आपटत न बसता सपाट राहते. तोवर बहुतेक गाड्यांत पुढचीच स्प्रिंग जास्त कडक असायची.

ऑलीला प्रवाशांचं सुख हवं होतं. हीच विद्या रेसमध्ये आली ती जर्मनीत. १९३६ मध्ये मर्सिडीजची रेसकार सपाटून मार खात होती, इतकी की कंपनीने सीझन अर्धवट सोडला. तेव्हा रेसिंगच्या कामावर तिशीचा एक इंजिनिअर नेमला गेला: रुडॉल्फ उलेनहाउट. तो रेसर नव्हता, पण त्याने एक साधी गोष्ट केली, जी आधी कुठल्या इंजिनिअरने धड केली नव्हती. तो स्वतः गाडी घेऊन न्यूर्बुर्गरिंगवर गेला आणि फेऱ्यांमागून फेऱ्या मारल्या. त्याला जाणवलं की स्प्रिंग हलत नाहीत आणि चासी वाकतेय.

त्यातून १९३७ ची डब्ल्यू १२५ आली. चासीसाठी लंबगोल नळ्या, पहिल्यापेक्षा पुष्कळ ताठ. स्प्रिंग मऊ, चाकाला वरखाली हलायला भरपूर जागा, आणि हेलकावे आवरायला तेलाचे शॉकअब. तेव्हा नियमच होता की रिकामी गाडी ७५० किलोपेक्षा जड नको, आणि इंजिन साडेपाचशेहून जास्त हॉर्सपॉवरचं. एवढी ताकद चाक जमिनीला चिकटून राहिलं तरच कामाची. पहिल्याच शर्यतीत, त्रिपोलीला, ही गाडी जिंकली. ताठ सांगाडा, मऊ स्प्रिंग: नवा मंत्र सिद्ध झाला होता.

मऊ का जिंकतं?

इथे क्षणभर थांबू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

टायरची पकड त्याच्यावरच्या भारावर अवलंबून असते, पण सरळ प्रमाणात नाही. समजा २०० किलो भाराला २०० किलोची पकड मिळते. भार ३०० केला तर ३०० मिळत नाही, समजा २८० मिळते. आणि भार १०० वर आला तर १०५. आता चाक उड्या मारतंय, भार एकदा ३०० आणि एकदा १०० होतोय. सरासरी भार अजून २००च आहे, पण सरासरी पकड? २८० आणि १०५ ची सरासरी साधारण १९२. म्हणजे उड्या मारण्यातच पकड गळाली. आणि चाक हवेत गेलं तर पकड शून्य. आमच्या घाटातल्या वळणावर नेमकं हेच झालं होतं.

म्हणून हिशोब असा: खडबडीत रस्त्यावर चाकाने खड्ड्याच्या मागे मागे जावं आणि भार शक्यतो एकसारखा राहावा. हे काम मऊ स्प्रिंग करते.

चॅपमन: वजन कमी करणारा

कॉलिन चॅपमनचा जन्म १९२८ चा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकताना त्याला जुन्या ऑस्टिन सेव्हन गाड्यांचा नाद लागला. १९४८ मध्ये त्यातल्याच एकीला नवी बॉडी चढवून त्याने पहिली गाडी केली, १९५२ मध्ये लोटस कंपनी काढली. पैसे नव्हते, मोठं इंजिन परवडत नव्हतं. मग जिंकायचं कसं? वजन कमी करून. १९५६ ची त्याची इलेव्हन ही रेसकार साडेचारशे किलोच्या आसपास होती, आणि ११०० सीसीच्या इंजिनवर ती मोठमोठ्यांना दमवायची.

हलकेपणाचा हव्यास आणि मऊ स्प्रिंग ही जोडी चॅपमनने कायम ठेवली. समजा, गाडीच्या एका कोपऱ्यावर १२५ किलो वजन आहे आणि तुम्हाला सेकंदाला दीड हेलकावे हवेत. मग स्प्रिंग ११ सेंटीमीटर दबली पाहिजे, म्हणजे रेट साधारण साडेअकरा किलो प्रति सेंटीमीटर. दुप्पट जड गाडीला याच्या दुप्पट लागेल. हलक्या गाडीची स्प्रिंग हाताला मऊ लागते, ते लाडाने नाही, गणिताने.

पण मऊ स्प्रिंगवर गाडी वळणात कलते. त्यासाठी डावी-उजवी चाकं जोडणारी पीळ घेणारी सळई असते, अँटी-रोल बार. ती गाडी कलली तरच काम करते, दोन्ही चाकं एकदम वर आली तर गप्प राहते. आणि मऊ स्प्रिंग खरी उपयोगी पडायची तर चासी ताठ हवीच. म्हणून १९६२ मध्ये चॅपमनने लोटस २५ काढली. नळ्यांच्या पिंजऱ्याऐवजी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची होडी, आणि ड्रायव्हर तिच्यात जवळजवळ झोपलेला. ही होडी आधीच्या पिंजऱ्यापेक्षा हलकी आणि तरी कितीतरी ताठ होती. तेव्हा किमान वजनाचा नियम ४५० किलो होता, आणि गाडी त्याला अगदी चिकटून होती. १९६३ मध्ये जिम क्लार्कने याच गाडीत दहापैकी सात ग्राँ प्री जिंकल्या.

या गाडीत पुढची स्प्रिंग बाहेर वाऱ्यात न ठेवता बॉडीच्या आत लपवली होती आणि वरची दांडी तिला आतून दाबायची. यात एक मेख आहे. सुपारी कातरायचा अडकित्ता आठवा. हात खूप हलतो, पातं थोडं हलतं, पण जोर वाढतो. चाक दोन सेंटीमीटर हललं आणि आतली स्प्रिंग एकच हलली, तर एकदा हालचाल अर्धी झाली आणि दुसऱ्यांदा जोर अर्धा. म्हणजे चाकाला ती स्प्रिंग चौपट मऊ वाटते! नवशिके इथेच फसतात. दुकानातून आणलेल्या स्प्रिंगवरचा आकडा आणि चाकाला जाणवणारा आकडा एक नसतो.

हवा गाडीत येऊन बसते

१९६६ मध्ये अमेरिकेतल्या जिम हॉलने त्याच्या चॅपरल रेसकारवर उंच पंख लावला. विमानाचा पंख वर उचलतो, हा उलटा, खाली दाबणारा. टायरवर भार वाढला, पकड वाढली, आणि वजन मात्र वाढलं नाही. फुकटची पकड!

पण आपल्या सूत्रात ठेवून बघा. हलक्या गाडीवर कोण बसायला आलं? हवा. आणि हा प्रवासी वेगाप्रमाणे फुगतो. वेग दुप्पट केला की त्याचं वजन चौपट. बॉडीवर पंख लावला तर मऊ स्प्रिंग दबून गाडी जमिनीला टेकेल. हॉलने यावर नामी उपाय केला होता: पंखाच्या दांड्या बॉडीवर नाही, थेट मागच्या चाकांच्या आधारावर रोवल्या. हवेचा भार स्प्रिंगला वळसा घालून सरळ टायरवर. स्प्रिंगला कळतच नाही की हवा आली.

चॅपमनने १९६८ मध्ये हेच लोटस ४९ वर केलं. पंख उंच, दांड्या बारीक, कारण वजन कमी ठेवायचं. ४ मे १९६९, बार्सिलोनाचा मोंटजुईक. भर वेगात ग्रॅहम हिलच्या गाडीचा पंख मोडला आणि गाडी कठड्यावर गेली. काही फेऱ्यांनी, त्याच जागी, योखेन रिंटचाही पंख मोडला आणि तो हिलच्या पडलेल्या गाडीवर आदळला. रिंट जखमी झाला. दोनच आठवड्यांनी, मोनॅकोच्या शर्यतीआधी, उंच पंखांवर बंदी आली. पुढे छोटे पंख परत आले, पण अट घालून: ते बॉडीलाच घट्ट बसवायचे, म्हणजे त्यांचा भार स्प्रिंगवरूनच जाणार. चॅपमनचा पहिला पराभव हा.

१९७० च्या लोटस ७२ मध्ये त्याने मधला मार्ग काढला. वेढ्याच्या स्प्रिंगऐवजी पीळ घेणाऱ्या सळया, आणि जोडणी अशी की चाक जसं वर जाईल तशी स्प्रिंग आणखी कडक होत जाईल. हलका भार, मऊ. जड भार, कडक. पेट्रोल भरलेलं असो वा संपलेलं, गाडी साधारण सारखी वागावी. सुरुवातीला ब्रेक मारल्यावर नाक खाली जाऊ नये अशीही रचना होती, पण ड्रायव्हरना स्टिअरिंगमधून काही समजेना, म्हणून ती काढून टाकावी लागली. त्याच वर्षी मोंझाला सरावात रिंटची ७२ कठड्यावर गेली आणि तो गेला. पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला होता. मरणोत्तर विश्वविजेता झालेला तो एकमेव फॉर्म्युला वन ड्रायव्हर. हलकेपणाची किंमत कोण चुकवतो, हा प्रश्न चॅपमनचा पाठलाग करत राहिला.

दहापट कडक

१९७७ ची लोटस ७८ आणि १९७८ ची लोटस ७९ यांनी अख्खा खेळ बदलला. आता पंख वर नव्हता, गाडीच्या पोटातच होता. खालून जाणारी हवा अरुंद जागेतून पळते, तिथला दाब घटतो आणि गाडी जमिनीला चोखून धरली जाते. बाजूने हवा घुसू नये म्हणून जमिनीला टेकणारे सरकते पडदे. १९७८ मध्ये मारिओ आंद्रेट्टी याच गाडीवर विश्वविजेता झाला.

आता हिशोब करू. समजा ड्रायव्हरसकट गाडी ६६० किलो, एका कोपऱ्यावर १६५. जुन्या पद्धतीने ११ सेंटीमीटर दबणारी, १५ किलो रेटची स्प्रिंग लावली. वेगात हवेने आणखी १२०० किलो टाकले, कोपऱ्याला ३००. स्प्रिंग आणखी २० सेंटीमीटर दबणार. गाडीच्या खाली तेवढी जागाच नाही! गाडी फक्त दोन सेंटीमीटर खाली यावी असं वाटत असेल तर रेट हवा १५० किलो. दहापट. आणि त्या स्प्रिंगवर नुसती गाडी उभी केली तर ती जेमतेम एक सेंटीमीटर दबते. म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच हेलकावे.

मऊ ठेवलं तर काय होतं, ते १९७९ च्या लोटस ८० ने दाखवलं. चोखण वाढली, गाडी खाली गेली, हवेची वाट चोंदली, चोखण सुटली, गाडी वर आली, पुन्हा चोखण. तारकर्लीला बोटीतून डॉल्फिन बघितलेत ना, पाण्यातून वर, पुन्हा आत, तसं. इंग्रजीत डॉल्फिनच्याच एका भाऊबंदावरून याला पॉर्पॉइझिंग म्हणतात. कार्लोस रॉयटेमानने ती गाडी शर्यतीत चालवायला नकार दिला.

१९८१ मध्ये सरकते पडदे बंद झाले आणि नियम आला: गाडी जमिनीपासून ६ सेंटीमीटर वर हवी. पण मोजायचं कधी? उभी असताना! ब्रॅबमचा गॉर्डन मरी हसला असेल. त्याने हवा आणि तेलाच्या नळकांड्यांवर गाडी उभी केली. वेगात हवेचा भार तिला हळूहळू खाली बसवायचा, आणि शर्यतीनंतर सावकाश परतताना ती आपोआप वर यायची. मोजायला आले तर ६ सेंटीमीटर बरोब्बर. नेल्सन पिकेने अर्जेंटिनाची शर्यत अशीच जिंकली. मग बाकीच्यांनी ड्रायव्हरच्या हाताशी गाडी खालीवर करणारं बटणच बसवलं, आणि स्प्रिंग इतक्या कडक केल्या की त्या असून नसल्यासारख्या. खऱ्या स्प्रिंग आता टायर होते, आणि टायरला शॉकअब नसतो.

ड्रायव्हरचे हाल सुरू झाले. पाठ भरून यायची, डोकं ठणकायचं, सरळ रस्त्यावर नजर थरथरायची. ताशी अडीचशेच्या पुढे, आणि समोरचं नीट दिसत नाही.

एका गाडीत दोन गाड्या

चॅपमनला हे सहन होणं शक्य नव्हतं. मऊ स्प्रिंगवर आयुष्य काढलेला माणूस तो. त्याने पुन्हा जुना प्रश्न विचारला: हवेचा भार स्प्रिंगवरून न्यायलाच हवा का?

उत्तर म्हणजे लोटस ८८. एका गाडीत दोन चासी, एकात एक. बाहेरच्या चासीत बॉडी आणि हवेची सगळी करामत. ती अतिशय कडक स्प्रिंगवर, जवळजवळ थेट चाकांवर टेकलेली. आतल्या चासीत ड्रायव्हर आणि इंजिन, आणि ती मऊ स्प्रिंगवर. हवा दाबेल बाहेरच्याला, ड्रायव्हर झुलेल आतल्यात. तुम्ही ओळखलं असेलच, ही १९६९ च्या पंखाचीच कल्पना, फक्त या वेळी बारीक दांड्या नव्हत्या.

पण नियमही १९६९ मधलाच होता: हवेवर काम करणारा प्रत्येक भाग स्प्रिंगवर असलेल्या भागाला घट्ट बसवलेला हवा. चॅपमन म्हणाला, बाहेरची चासीही स्प्रिंगवरच आहे. इतर संघांनी तक्रारी केल्या. एलिओ दे अँजेलिस आणि नायजेल मॅन्सेल सरावाला गाडी घेऊन निघायचे आणि अधिकारी परत पाठवायचे. १९८१ च्या सीझनमध्ये पुन्हा पुन्हा प्रयत्न झाला, पण ८८ एकाही ग्राँ प्रीत धावली नाही. दुसरा पराभव.

खरं सांगू? गाडी खाली करणारं बटण चाललं आणि माणसाची पाठ वाचवणारी गाडी चालली नाही, हे मला अजूनही खुपतं. पण दुसरी बाजूही आहे. तो नियम उगाच आला नव्हता. मोंटजुईकच्या कठड्यावर दोन लोटस मोडल्या, तेव्हा तो लिहिला गेला होता. चॅपमन ज्या नियमाशी भांडत होता, त्याचं कारणही तोच होता.

१९८३ पासून गाडीचं पोट सपाटच हवं, असा नियम झाला. चोखण घटली, स्प्रिंगना श्वास घेता आला. चॅपमनने ते पाहिलं नाही. १६ डिसेंबर १९८२ ला, वयाच्या ५४ व्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला.

आणि आता आपल्याकडे

त्याच्या लोटसने पुढे स्प्रिंगचं काम कॉम्प्युटरवर चालणाऱ्या तेलाच्या नळकांड्यांना दिलं. १९८७ मध्ये आयर्टन सेनाने त्यावर मोनॅको आणि डेट्रॉइट जिंकलं, १९९२ मध्ये विल्यम्सच्या तशाच गाडीवर मॅन्सेल विश्वविजेता झाला, आणि १९९४ पासून तेही बंद झालं. २०२२ मध्ये पोटाखालची चोखण परत आली, आणि डॉल्फिनही! बाकूच्या शर्यतीनंतर पाठ धरून गाडीतून कसाबसा उतरणारा लुईस हॅमिल्टन तुम्ही रील्सवर बघितला असेल. चाळीस वर्षांनी तोच प्रश्न, तीच पाठ. या वेळी मात्र गाडीने किती उड्या माराव्यात यालाच मर्यादा घातली गेली.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं दरवर्षी स्वतः बनवलेल्या छोट्या रेसकार घेऊन कोइम्बतूरला फॉर्म्युला भारतला जातात. समजा गाडी २२० किलोची. ड्रायव्हर एक ५५ किलोचा, दुसरा ८५ चा. ड्रायव्हर बदलला की वजनात दहा टक्क्यांच्या वर फरक! चाकाला वरखाली मिळून किमान ५ सेंटीमीटर हालचाल हवी असा नियम, आणि गाडी जमिनीला घासून चालणारी, त्यामुळे एसटीसारखी मऊ स्प्रिंग तिथे बसतच नाही. पंख लावायचे असतील तर हवेचं ओझं वेगळं.

तुमच्यापैकी कुणी अशा टीममध्ये असाल, तर स्प्रिंगच्या दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा. एक, कोपऱ्यावर वजन किती, ड्रायव्हर बसवून. दोन, वेगात हवा किती ओझं टाकणार. तीन, चाक आणि स्प्रिंग यांच्यात अडकित्ता कितीचा. मग पाच भागिले वर्गमूळ. 'कडक बरी की मऊ बरी' हा प्रश्न तिथे उरतच नाही. उरतो तो एवढाच, की या गाडीवर कोण कोण बसणार आहे आणि त्यांचं ओझं कुणी वाहायचं: स्प्रिंगने, टायरने, की माणसाच्या पाठीने.

माझ्या मित्राने नंतर कंपनीच्या मापाच्या स्प्रिंग परत बसवल्या. गाडी दोन इंच वर आली. फोटोत आता तेवढी भारी दिसत नाही. पण त्याच घाटातून, त्याच वळणावरून, आम्ही परवा गप्पा मारत खाली उतरलो.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर एसटीने गेलात तर शेवटच्या बाकावर बसा आणि हेलकावे मोजा!